निम्मं शेत वाजतं, निम्मं गप्प

प्रिय कारभारीणबाई,

फोनवर तू मला कधी वाक्य पुरं करू देत नाहीस. ‘काल संध्याकाळी टेकडीवर ऊन असं काही उतरलं होतं’ इथपर्यंत मी पोचतो न पोचतो तोच तुझा मारा सुरू होतो. ‘अहो, गोळ्या घेतल्या का? मागच्या दाराला कडी लावता का? शेळीला पाणी दाखवलं का? बरं ठेवते, बाळ उठेल.’ ऊन तिकडे टेकडीवर तसंच लटकत राहतं आणि माझ्या हातात मुका फोन. म्हणून आज सरळ कागद घेतला. कागदाला मध्येच ‘बरं ठेवते’ म्हणता येत नाही. जाताना तू बजावलं होतंस, पत्र लिहायचं तर माणसासारखं लिहा, पहिली उपमा दिसली की मी तिथून पुढे वाचणार नाही. तेव्हा जे आहे ते आहे तसंच लिहितो. ऊन टेकडीवर उतरलं होतं. कसं, ते विचारू नकोस.

नातीचा फोटो पोचला. तुझ्या नणंदेने तो आधी लांब धरून, मग चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिला आणि निकाल दिला, ‘नाक आपल्याकडचं, कपाळ वहिनीचं. पण ओठ बघ, झोपेतसुद्धा काहीतरी पुटपुटतेय. दादा, ही तुझ्यावर गेली रे, बिचारी.’ लेकीला सांग, आत्याबाईंचं बोलणं मनावर घेऊ नको. पुटपुटणारी मुलं मोठेपणी शांत झोपतात. माझी ही धाकटी बहीण सध्या रोज दोनदा घरी डोकावते. एकदा मी जेवलो का ते पाहायला आणि एकदा मी जेवलो असं खोटं तर सांगितलं नाही ना ते पाहायला. शेळी ठीक आहे. टेकडीवर चराई बंद केल्यापासून तिला गोठ्यातच गवत आणून घालावं लागतं, आणि ते मी आणतो याचा तिला भयंकर राग आहे. माझ्याकडे पाठ करून खाते. इतक्या वर्षांच्या संसारात तूही मला एवढी पाठ दाखवली नसशील.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर तू पानं उलटून शेवट आधी वाचशील, माहीत आहे मला. लेकीच्या बाळंतपणाला तू निघालीस ती वीटभट्टीवाल्याला शब्द देऊनच. टेकडीच्या पायथ्याचं तुझं शेत, तुझ्या वडिलांनी तुझ्या एकटीच्या नावावर ठेवलेलं, त्यातली माती तू परत आलीस की तो खरवडून नेणार आणि बदल्यात आपल्या मागच्या खोलीच्या ढासळलेल्या भिंतीला लागतील तेवढ्या विटा देणार. मला म्हणालीस, ‘राहिलंय काय त्या शेतात? दर पावसाळ्यात थोडं थोडं ओढ्याला जातंच आहे. ओढ्याने फुकट न्यावं त्यापेक्षा भट्टीने विटा देऊन न्यावं.’ मी म्हटलं, एक पावसाळा थांब. थांबायला तू कबूल झालीस, पण अट घातलीस, आणि अटही तुझी नव्हे, तुझ्या वडिलांची. पेरणीच्या आधी ते शेतात ठिकठिकाणी फावडं मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. खण्ण वाजलं तर माती सरली, खालचा दगड बोलायला लागला. फावडं आवाज न करता आत गेलं तर शेत जिवंत आहे. ‘मी येईन तेव्हा फावडं वाजलं नाही तर माती राहील. वाजलं तर भट्टीला. आणि ऐकायचं तुम्ही नाही हं, वन्सं ऐकतील. तुम्हाला काय, दगडातही गाणं ऐकू येतं.’

हे गाण्याचं भांडण तुझं-माझं फार जुनं आहे. तुला आठवत नसेल, मला वर्गातल्या खिडकीची मोडकी खिटीसुद्धा आठवते. गुरुजींनी फळ्यावर ओढ्याची कविता लिहून दिली होती. ओढा गातो, नाचतो, खडकाशी खेळतो, शाळेतल्या कवितांतले ओढे जे जे करतात ते सगळं तो करत होता. मी उभा राहून डोळे मिटून म्हणत होतो. माझं एक कडवं बाकी होतं, तेवढ्यात मुलींच्या रांगेतून तू उठलीस. वेण्या घट्ट, पाय मातीने भरलेले. ‘गुरुजी, ओढा गात नाही. आमच्या शेतातली माती नेतो. पाऊस पडला की आमचे बाबा रात्रभर बसून राहतात. त्यात कसलं आलंय गाणं?’ वर्ग खो खो हसला. गुरुजी खडू खाली ठेवून म्हणाले, ‘बसा खाली. दोघांचंही बरोबर आहे.’ मधल्या सुट्टीत तू मला ‘ढग्या’ म्हणून हाक मारलीस आणि विचारलंस, पाठ करताना डोळे कशाला मिटतोस, पडशील ना एखाद दिवशी. मी तेव्हाच पडलो होतो. ते तुला कळायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि लग्नानंतर तू मला ढग्या म्हणायचंही सोडलंस. असो. भरकटलो. परत शेताकडे येतो.

तू गेलीस आणि मागोमाग टेकडीला चर खणायचं ठरलं. विहिरी तळाला गेल्या होत्या, वरच्या शेतांतून दगड डोकं वर काढायला लागले होते, त्यामुळे या वेळी कोणी फाटे फोडले नाहीत. टेकडीच्या कमरेभोवती एकच लांब आडवा चर खणायचा. उतारावरून धावणारं पाणी त्यात थांबावं, मुरावं आणि मातीने तिथेच बसावं, असा बेत. प्रत्येक घराने आपापल्या शेताच्या डोक्यावरचा तुकडा खणायचा. फक्त चर अगदी एका पातळीत हवा, कुठे तसूभरही उतार नको. ती रेघ आखायचं काम गवंड्याकडे गेलं, कारण भिंतींची पातळी बघायची ती लांबलचक पारदर्शक नळी त्याच्याकडे आहे. नळीत पाणी भरायचं, एक टोक त्याने काठीला बांधून धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्ही टोकांतलं पाणी आपोआप एका उंचीला येतं. काठीवरच्या खुणेशी पाणी जुळलं की तिथे चुन्याची फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. आता दुसरं टोक धरायला मोकळा माणूस कोण? सगळ्या वस्तीत एकच.

पहिला अर्धा दिवस मी काम चोख केलं, याला गवंडी साक्षीला आहे. चालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरायचा, नाहीतर पाणी सांडतं. दर थोड्या वेळाने तो पलीकडून ओरडायचा, ‘काका, अंगठा!’ आणि मी ओरडायचो, ‘आहे रे बाबा, आहे!’ पण टेकडीच्या मागच्या वळणावर, जिथून खालचं सगळं खोरं एकदम दिसतं, तिथे गवतातून पाखरांचा एक थवा उठला. कसा उठला ते लिहीत नाही. उठला. अंगठा कधी सुटला ते मला कळलं नाही, बाही कोपरापर्यंत भिजली तेव्हा कळलं. नळीतलं पाणी कमी झालं, काठीवरची खूण मात्र जुनीच राहिली, आणि तिथून पुढे आमची रेघ दर पावलाला थोडी थोडी खाली उतरत गेली. दुपार कलल्यावर टेकडीला वळसा घालून आम्ही परत आलो तर रेघ जिथून निघाली होती तिथे पोचलीच नाही. सुरुवातीच्या खुणेच्या चांगली गुडघाभर खाली येऊन उभी राहिली. गवंडी एकदा रेघेकडे बघे, एकदा माझ्या बाहीकडे. मग डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसत म्हणाला, ‘काका, मी इतकी घरं बांधली, पण शेवटची भिंत पहिलीला चुकवून पुढे गेली असं अजून झालं नव्हतं.’ पुन्हा आखावं तर लोक रेघेच्या मागोमाग खणतच आले होते. जमीन तापलेली, हातांना फोड आलेले. पुन्हा खणा म्हणायची ना त्याची छाती झाली ना माझी. धाकटी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘दादाच्या हातात पाणी दिलंच कुणी? त्याला साधा पेला भरून आणता येत नाही.’

रेघेचं खालचं टोक कुठे आलं होतं, ओळख. बरोबर तुझ्या शेताच्या डोक्यावर.

म्हणजे मुरायचं सोडून पाणी चरातून तिरकं चालत येणार आणि टेकडीभरचा लोंढा तुझ्याच शेतावर पडणार, हे मला पाऊस यायच्या आधीच दिसत होतं. दिसत होतं म्हणून मी एक गोष्ट केली, तीही गवंड्याच्याच जिवावर. चरातून निघालेले दगड टेकडीवर सगळीकडे ढिगाने पडले होते. ते आणून आम्ही तुझ्या शेताच्या खालच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला, एक दगडी बांध रचला. मातीचा नाही, नुसते दगडात दगड बसवलेले. पाणी फटीतून जाईल, माती अडेल, असं गवंडी म्हणाला. पुढे मोठा पाऊस झाला तेव्हा मी छत्री घेऊन वर जाऊन उभा राहिलो. चरातून तांबूस पाणी आलं, कडेवरून तुझ्या शेतात उतरलं. वाटलं, तू आल्यावर तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं. पण लोंढा बांधापाशी जाऊन अडला. तिथे तुंबला, फिरला, निवला. दुपारनंतर दगडांच्या फटींतून पाणी ओढ्यात जाताना पाहिलं तर ते इतकं स्वच्छ, की खालचे खडे दिसावेत. सगळी माती अलीकडेच राहिली होती. मी ओढ्याच्या काठी बसून राहिलो. ओढा गात होता म्हणायला माझी हरकत नव्हती, पण तुझी आठवण झाली आणि गप्प बसलो.

खरी मजा नंतर झाली. पाणी ओसरलं आणि तुझ्या शेताच्या खालच्या अंगाला गाळाचा जाड थर दिसायला लागला, तसा शिंपी येऊन उभा राहिला. त्याचं शेत वरच्या वळणावर आहे, ठाऊक आहे ना तुला, सदऱ्याच्या खिशात कायम टेप असतो तो. ‘काका, राग मानू नका, पण यातली माती माझी आहे.’ मी म्हटलं, कशावरून? म्हणाला, ‘माझी तांबडी आहे. ही बघा तांबडी.’ त्याच्या मागून आणखी दोघेतिघे आले. कोणाची काळी होती, कोणाची भुरी. प्रत्येकजण वाकून चिमूटभर उचलून दुसऱ्याच्या नाकाखाली धरत होता. ‘ही घ्या, ही आमची! हिचा वासच सांगतो.’ हरवलेलं लेकरू जत्रेत सापडावं तसं… चुकलो. खोडत नाही, खोडलं तर पान घाण होईल. एवढी एक माफ कर. शेवटी धाकटी पुढे झाली. ‘न्या ना, कोण नको म्हणतंय? ज्याची त्याने ओळखावी, पाटीत भरावी आणि डोक्यावर घेऊन जिथून आली तिथे वर नेऊन टाकावी. वहिनी इथे नाही, तिच्या वतीने मी सांगते, एक खडाही अडवणार नाही.’ सगळ्यांनी मान वर करून टेकडीकडे पाहिलं. ऊन चढलं होतं. एकाला शेळीचं दूध काढायचं आठवलं, दुसऱ्याचा पाय कालपासून मुरगळलेला निघाला. राहिला तो शिंपी. मोठा जिद्दी माणूस, दोन दिवस पाट्या वाहत होता. तिसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने आला, माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, ‘काका, माती खाली यायला एक सर पुरते. वर न्यायला माणूस मरतो.’ त्यानंतर त्याने आपल्या शेताला असे बांध घातले आहेत की टेप लावून बघावेत. दुसऱ्यांदा पाटी उचलायची नाही, एवढंच त्याच्या मनात.

पुढे गवंड्याने चर दुरुस्तही केला. सगळा पुन्हा खणण्याऐवजी आतल्या आत थोड्या थोड्या अंतरावर आडवे दगड बसवले, म्हणजे पाणी पायरीपायरीने थांबत येतं, धावत येत नाही. आता ते तिथल्या तिथे मुरतं. आपल्या विहिरीचा दोर धाकटीने परवा दुमडून बांधला, कारण एवढा लांब लागतच नाही, नुसता पायात येतो. तिने हे मला अशा आवाजात सांगितलं जसं काही मीच विहिरीत उतरून पाणी वर ढकललं. मी नाही म्हटलं नाही. कौतुक इतकं कमी वाट्याला येतं की परत करवत नाही.

आता तुझी अट. पाऊस थांबला, जमीन जरा वाळली, तेव्हा मी फावडं घेतलं आणि धाकटीला शेतावर नेलं. ती म्हणाली, ‘तू मार, मी डोळे मिटून ऐकते. बघितलं तर माझं मन पाघळेल, तुझा चेहरा बघवत नाही.’ बांधापासून सुरुवात केली. पहिलं फावडं आत गेलं ते जवळजवळ दांड्यापर्यंत. आवाज नाही. ती म्हणाली, ‘मारलंस का?’ मी म्हटलं, मारलं. ‘पुन्हा मार.’ मारलं. काही नाही. तसेच मधोमध येईपर्यंत आम्ही चढत आलो, ती डोळे मिटून माझा सदरा धरून चालत होती आणि शेत काही बोलत नव्हतं. अर्ध्यावर आलो आणि खण्ण झालं. माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. पुढच्या पावलाला पुन्हा खण्ण. वरच्या कडेपर्यंत तसंच. मी म्हटलं, अगं, इथे एखादा सुटा दगड असेल. तिने डोळे उघडले. ‘दादा, वहिनीला काय सांगायचं ते ठरलं. निम्मं शेत वाजतं, निम्मं गप्प आहे. यात तुझं-माझं काही चालायचं नाही.’ म्हणून तुला हेच कळवतो. सगळं शेत जिवंत झालं असं लिहावं अशी फार इच्छा होती, पण ऐकणारी ती होती.

आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवणं बरं नाही. भट्टीवाला येऊन गेला. भला माणूस आहे, ओरबाडायला आलेला नाही. चप्पल बांधावर काढून शेतात उतरला, खालच्या अंगाची माती मुठीत घेतली, पाण्याचे दोन थेंब टाकून मळली, अंगठ्याने दाबली, आणि त्याचे डोळेच चमकले. ‘काका, ही काय चीज तयार करून ठेवलीत तुम्ही! मागच्या वेळची माती अशी नव्हती हो. हिची वीट अशी निघेल की खिळा मारताना खिळा रडेल.’ म्हणजे बघ, मी जे वाचवायला गेलो त्याचाच भाव वाढवून बसलो. आता तो म्हणतो, मागच्या भिंतीच्याच काय, पुढच्या खोलीच्यासुद्धा विटा देतो, वर आणून उतरवून देतो. मी म्हटलं, शेत तिचं, शब्द तिचा, मी इथला फक्त राखणदार. तो हसला. ‘काकूंनी शब्द दिलाय, काका, आणि काकू शब्द फिरवणाऱ्यातल्या नाहीत.’ मला हे त्याच्या आधीपासून ठाऊक आहे, म्हणून तर झोप लागेना.

तू निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरात नव्हतीस. मी शोधत पायथ्यापर्यंत आलो तर तू शेताच्या मधोमध उभी होतीस. चपला बांधावर, पदर खोचलेला, हातात काही नाही. कामाचं नाही म्हणून जे शेत भट्टीला द्यायचं त्यात अनवाणी उभं राहायला कोणी येतं का? मी हाक मारली नाही. घरी येऊन चहाचं आधण ठेवलं, तू आलीस आणि म्हणालीस, जरा शेजारी गेले होते. मी बरं म्हटलं. भिंत ढासळल्यापासून मागच्या खोलीत ओल येते आणि ओल आली की माझा खोकला उठतो, हे आपण दोघांनीही कधी एका वाक्यात म्हटलेलं नाही. तू विटा म्हणत राहिलीस, मी पावसाळा म्हणत राहिलो. संसारात काही वाक्यं अशीच अर्धी बरी असतात.

पण आता ते पुरं करायला हरकत नाही, कारण भिंत उभी राहिली आहे. दचकू नकोस, एक वीट लागली नाही. दगडी बांध झाल्यावरही टेकडीवर दगडांचे ढीग उरले होते आणि लोकांच्या पायांत येत होते. गवंडी एकदा चहाला बसला असताना मागच्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, ‘काकूंना विटा हव्यात की भिंत हवी?’ इतका साधा प्रश्न, आपल्यापैकी कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, भिंत. ‘मग दगडाने काय पाप केलंय?’ ज्याने त्याने आपल्या चराजवळचे दगड खाली आणून टाकले, त्यांनाही जागा मोकळीच हवी होती. सांध्यांना चिखल लागला तो तुझ्या शेतातला नाही, एक ढेकूळही उचललेलं नाही. शिंप्याने स्वतः वाहून वर नेलेली माती पुन्हा खाली आणून दिली, म्हणाला, ‘घ्या, हिच्या पायात प्रवास लिहिलाय.’ बाहेरून गवंड्याने दगडांमधल्या फटी चुन्याने भरल्या आहेत. भिंत जाड आहे, जरा ओबडधोबड आहे, आणि त्यानंतरच्या पावसात आत ओल आली नाही. मी गेले बरेच दिवस मागच्या खोलीत झोपतो. धाकटीला विचार खोकला कसा आहे ते, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. खिडकीही थोडी मोठी केली आहे, ती मात्र मी कोणाला न विचारता केली. तिथून टेकडी दिसते. तुला आवडणार नाही, वारा येतो म्हणशील.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगतो. हे ज्याने तुझ्या हातात दिलं तो भट्टीवालाच आहे. त्याचा विटांचा ट्रक लेकीच्या गावी जायचा होता. म्हणाला, काकूंचं उत्तर तिथेच विचारून घेतो, परत यायची वाट कशाला बघू. मी अडवलं नाही. उलट पत्र नेशील का विचारलं, आणि त्याने ते वाटेत उघडलं नसेल याची मला खात्री आहे. तो बाहेर ट्रकपाशी उभा असेल. लांबून आलाय, आधी त्याला पाणी दे, बसायला सांग. त्याच्याकडे पत्र्याचा एक डबाही दिला आहे, तो मागून घे. त्यात तुझ्या शेताच्या गप्प असलेल्या अर्ध्यातली माती आहे. माझ्या डोळ्यांवर तुझा भरवसा नाही आणि कानांवरही नाही, म्हणून मातीच पाठवली. झाकण काढ, हात मनगटापर्यंत आत घाल, हवा तेवढा वेळ घे, आणि मग त्याला काय ते सांग. शब्द पाळलास तरी मी तोंड वाकडं करणार नाही. भिंत उभी आहे आणि तू यायची आहेस, मला एवढं पुष्कळ आहे. फक्त डबा त्याच्याबरोबर परत पाठवू नकोस. येताना तूच घेऊन ये. ज्या खळग्यातून ती माती काढली, तो मी बुजवलेला नाही.

तुझाच,
ढग्या